माझ्या वाट्याला फक्त आमेन

मी न्हावी. दुकानात दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो. कात्री थांबेल, पण जीभ थांबणार नाही; गिऱ्हाइकं मला 'रेडिओ' म्हणतात. घरी आलो की मात्र तोंडाला कुलूप. सात आठवड्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवतो. टेबलाशी बसवत नाही.

का, ते सांगतो. आमच्या घरात प्रार्थनेशिवाय टेबलावर कुणी घास उचलत नसे, आणि प्रार्थना करायची ती. एकतीस वर्षं. माझं काम एवढंच, शेवटी आमेन म्हणायचं. तेही मी घाईघाईत म्हणायचो. ती एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागत बसायची आणि इकडे जेवण गार व्हायचं. "आमेन, आमेन," मी मध्येच म्हणायचो. "देवाला बाकीची पण कामं असतात." ती डोळे न उघडताच म्हणायची, "तुम्ही गप्प बसा हो," आणि पुन्हा सुरू.

आता म्हणा आमेन! कशाला म्हणणार?

परवा आमच्या चर्चचे पाळकसाहेब केस कापायला आले. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, म्हणून मी एकदाचं बोलून टाकलं. "साहेब, मला प्रार्थना करताच येत नाही. तोंड उघडतो, पण शब्द फुटत नाही."

"दिवसभर तर बोलत असता की."

"ते हवापाण्याचं हो. देवाशी काय बोलू?"

"तिची प्रार्थना इतकी वर्षं ऐकलीत ना? मग तिचीच म्हणा. देवाची काही हरकत नसेल."

माझी सटकली. उसनी प्रार्थना! रागाच्या भरात त्यांचे कानामागचे केस जरा जास्तच उडवले मी.

पण संध्याकाळी घरी येऊन अंडं तळलं, पाव भाजला आणि ताटली टेबलावर ठेवली. बसलो. समोरची खुर्ची आत सरकवलेली होती. फ्रिजचा तेवढा आवाज येत होता. डोळे मिटले आणि तिच्यासारखी सुरुवात केली. "प्रभू, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गुडघ्याला आराम दे." जमलं की! मग मेहुणीच्या मुलाची नोकरी. मग दूधवाल्याच्या लेकीची परीक्षा. ऐकायचा कंटाळा यायचा मला, आणि बघा, सगळं तोंडपाठ! तिच्याच चालीत मी पुढे गेलो. "आणि माझ्या दम्याला उतार दे, आज झोप लागू दे."

थांबलो. मला कुठे दमा आहे? दमा तिला होता. त्यानेच तर ती गेली.

मग मात्र मी भडकलो. टेबलावर असा हात आपटला की ताटली उडाली. "रोज मागत होती ती!" मी ओरडलो. "रोज! मी साक्षीला होतो. दिलास का उतार? काय बिघडलं असतं तुझं?" आयुष्यात पहिल्यांदा देवाशी बोललो आणि तेही भांडायला. शेजारी ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

ओरडून ओरडून थकलो तसे पुन्हा डोळे मिटले. आता एकच मागणं उरलं होतं. दम्यानंतर ती माझ्यावर यायची, रोज, सगळ्यांत शेवटी. "आणि ह्यांना सांभाळ," एवढंच. तोपर्यंत माझा हात जेवणाकडे गेलेला असायचा, मी कधी नीट ऐकलंसुद्धा नाही. रोज न चुकता देवापुढे माझं नाव घेणारं आता कुणी उरलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

दुसरं कोण घेणार? मीच घेतलं. "देवा, मला सांभाळ," म्हणालो, आणि पुढचे शब्द तिचे नव्हते. "मला घरी यायची भीती वाटते. काम संपलं तरी दुकान बंद करवत नाही. मी फार एकटा पडलोय रे." एवढ्या माणसांशी बोलतो मी, पण हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं आणि हमसून हमसून रडलो. उत्तर काही आलं नाही. पण कुणीतरी जवळ बसून ऐकतंय असं वाटलं, आणि रडू ओसरल्यावरही ते वाटणं गेलं नाही.

मग तिथेच बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर बंद केलं.