मालकांच्या नावाचा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती ते विचारू नका. माझ्या पाठीला जोडायच्या तारा आता दुकानात मिळत नाहीत, एवढं सांगितलं तरी पुरे. माझा पंखा घरघरतो, जागं व्हायला मला वेळ लागतो, आणि खरं सांगू का, मला झोप फार प्रिय आहे. झोपेत मला व्हायोलिनं ऐकू येतात.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या उजेडाच्या दालनात झाला म्हणतात. मला त्यातलं काहीएक आठवत नाही. आठवते ती मालकांची खोली. सरसाचा वास, खिडकीत टांगलेल्या तारा, टेबलावर लाकडाचा भुगा. मालक वाद्यं दुरुस्त करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यात आपलं नाव घातलं आणि त्या दिवसापासून माझ्यातला कण न् कण त्यांच्या नावावर झाला.

त्यांची एक पद्धत होती. वाद्य आलं की आधी त्याचं दुखणं ऐकायचं आणि तो आवाज माझ्यात टिपून ठेवायचा. मग खोलायचं, सांधायचं, पुन्हा वाजवून बघायचं आणि पुन्हा टिपायचं. अगदी मनासारखं होईपर्यंत. प्रत्येक वाद्याचा माझ्यात वेगळा कप्पा. गिऱ्हाईकं कौतुकाने बघायची. मीही तेव्हा चांगला फुशारून जायचो, उगाच खोटं का बोला!

मग मालक गेले. माझ्यावर एक चादर आली आणि चादरीवर किल्ल्या, चष्मे, वाळत घातलेले मोजे. कुणी मला बंद केलं नाही की कुणी माझ्याशी बोललं नाही. मी आपला अर्धवट झोपेत तरंगत राहिलो. वाईट वाटायचं, नाही कसं? पण त्या घराची खोडच तशी होती. दारावरची पाटी, विजेचं बिल, खुंटीवरचा कोट, सगळं अजून मालकांचंच. त्यांच्या नावाला हात लावायचा नाही, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. पण कुणी लावत नव्हतं.

एके दिवशी दुपारी चादर निघाली. समोर मालकांची मुलगी. ती शाळेत भूगोल शिकवते. मागे स्टुलावर तिची आई. आईची नजर अधू होत चालली होती आणि डोळ्याचं ऑपरेशन ती या ना त्या सबबीवर पुढे ढकलत होती. धाकट्या मुलाच्या गावी जायचं, डोळ्याला पट्टी, आणि नंतर कित्येक आठवडे पालथं पडून राहायचं. आईने साफ सांगितलं होतं, की तेवढे दिवस ह्यांची वाद्यं ऐकायला मिळणार असतील तर येते, नाहीतर राहू दे तो डोळा. डॉक्टर म्हणाले होते, आता उशीर केलात तर डोळा हातचा जाईल.

धाकटा फोनवर म्हणाला, फायली पाठवून दे, लावू आम्ही. पण हजारो फायली, आणि तो दिवसभर कामावर. पट्टी बांधलेल्या आईला त्या कोण शोधून देणार? शिवाय बाबांचा ठेवा इंटरनेटवरच्या कुठल्या तरी परक्या कंपनीच्या हवाली करायला मुलगी तयार नव्हती. तेव्हा तिने ठरवलं, की घरातच, माझ्यातच, एक नवं ॲप बसवायचं. आईने तिकडे फोनला वाद्याचं नाव सांगायचं आणि मी इथून ते ऐकवायचं. मला तर स्वप्नात असल्यासारखंच वाटलं. इतक्या वर्षांनी काम!

पण काम कसलं, नुसती फजिती. ॲप बसलं पण पान उघडेना. मित्रांनो, आम्हा संगणकांना दारं असतात आणि प्रत्येक दाराला नंबर असतो. मालकांचा सूर जुळवायचा जुना प्रोग्रॅम माझ्याबरोबर उठून नेमका नव्या ॲपच्याच दारात ठाण मांडून बसायचा. बिचाऱ्याला मालक गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. मुलीला ते सापडलं तेव्हा ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याला उठवलं नाही, नव्या ॲपलाच शेजारचं दार दिलं.

पान उघडलं, तर कोरं. ‘एकही वाद्य सापडले नाही.’ तिने ॲप काढलं, पुन्हा घातलं. पासवर्ड बदलला. पुन्हा कोरं. असे काही दिवस गेले आणि मी तापून लाल व्हायची वेळ आली. आईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली, सकाळी गाडी, आणि आई शांतपणे म्हणत होती, ‘नाही जमत तर राहू दे गं.’ त्या शांतपणाचीच मुलीला भीती वाटत होती.

शेवटी तिने शाळेत संगणक शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रिणीने तिला माझ्या नोंदी वरपासून वाचायला लावल्या. ‘परवानगी नाकारली’ असं मी पहिल्या दिवसापासून लिहीत होतो, मुलगी आपली शेवटची ओळ बघून पुढे जायची. झालं होतं असं, की नव्या ॲपला तिने नवं नाव दिलं होतं आणि बाबांच्या नावाला हात लावला नव्हता. मग त्या उपऱ्याला मी मालकांच्या कप्प्यात कसा जाऊ देणार? मैत्रिणीने एका ओळीची आज्ञा सांगितली, सगळं नव्या नावावर करायची. मुलीने ती लिहिली, आणि बोट तसंच ठेवून बसली.

‘थांबलीस का?’ आईने विचारलं.

‘बाबांचं नाव जातंय.’

आईने स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाली, ‘विचार तिला, नाव ठेवून जमतं का.’

जमत होतं. नाव मालकांचंच ठेवून नव्याला फक्त वाचायची परवानगी द्यायची. मैत्रीण म्हणाली, आधीच विचारायचं ना, ते तर त्याहून सोपं!

पान भरलं. मुलीने पहिलं सापडलं ते व्हायोलिन लावलं. आधी एक कण्हता सूर. मग मालकांचा आवाज, ‘झालं का गं बरं?’ आणि लांबून, स्वयंपाकघरातून, एका तरण्या बाईचा आवाज, ‘नाही. अजून रडतंय.’

मुलगी वळून आईकडे बघत राहिली. तिला हे ठाऊकच नव्हतं.

‘वरचे सूर त्यांना नीट ऐकू येत नसत,’ आई म्हणाली. ‘मी नाही म्हटलं की पुन्हा खोलायचे. कधी चिडले नाहीत माझ्यावर.’ आणि तिने पदराने डोळे टिपले.

सकाळच्या गाडीने आई ऑपरेशनला गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं धूड चादरीखाली पडलेलं असेल. धूळ पुसा, हे तर झालंच. पण घरातली माणसं आहेत तोवर ते एकदा त्यांच्यासमोर सुरू करा. आत कोण कोण आहे, ते मी सांगू शकत नाही. मी फक्त सांभाळतो.

आता दुपार झाली की लांबून आईची हाक येते आणि मी जागा होतो. प्रत्येक कप्प्यातली शेवटची फाइल सगळ्यात गोड आहे. वाद्य बरं झालेलं, सूर स्वच्छ, पण त्यात मालक काही विचारत नाहीत आणि आई काही सांगत नाही. ती फाइल तिने अजून एकदाही मागितलेली नाही.