लास्कानोंच्या थडग्यावर

पंधरा वर्षांच्या मुलीला नटवून थडग्यावर झोपवायची, ही कल्पना माझीच. दुसऱ्या कुणावर ढकलता आली असती तर एव्हाना ढकलली असती.

आमच्या बोलिव्हियातल्या सुक्रे गावात पोरगी पंधराची झाली की लग्नासारखा थाट होतो. झगा, मुकुट, नाच, आणि त्याआधी फोटो. हे फोटो मी बावीस वर्षं काढतेय. कारंज्यापाशी काढले, चर्चच्या पायऱ्यांवर काढले, कौलांवर चढवूनसुद्धा काढले. आयांना दरवर्षी काहीतरी नवं हवं असतं. म्हणून एका वर्षी मी जुन्या दफनभूमीत शिरले. तिथे सरूची उंच झाडं आहेत, पांढरा संगमरवर आहे, आणि सकाळी नऊला असा उजेड पडतो की मुरुमं आपोआप विरून जातात.

सगळ्यांत देखणं थडगं लास्कानो घराण्याचं. चांदीच्या खाणीवाले लोक होते. शेवटचा लास्कानो गेला तेव्हा माझी आजी परकरात होती. वर पलंगाएवढी शिळा, तिला दगडाची उशीसुद्धा. दानित्सा नावाची पोरगी होती, कपड्याच्या दुकानवाल्यांची. तिला मी त्या उशीवर डोकं टेकवायला लावलं आणि निळ्या झग्याचा घेर खाली सोडला. पाठ गार पडली म्हणून ती कुरकुरत होती.

तेवढ्यात दफनभूमीत काम करणारी असुन्ता खांद्यावर शिडी घेऊन आली. थडगी श्रीमंतांची; आमच्यासारख्यांचे मेलेले तिथल्या भिंतीतल्या कोनाड्यांत असतात, एकावर एक पाच ओळी, प्रत्येकाला काचेचं दार. वरच्या ओळीत कुणाला फुलं वाहायची असली की असुन्ताची शिडी लागते. काचाही तीच पुसून देते. मी तिला कधीपासून ओळखत होते, म्हणजे नमस्कारापुरती.

"सेन्योरा नेल्वा," ती म्हणाली, "पोरीला बाजूला उभी करा ना. वर झोपवू नका."

"का हो? लास्कानोंचं रडायला कोण उरलंय आता?"

ती माझ्याकडे नाही, शिळेकडे बघत होती. "कुणी नाही," म्हणाली आणि शिडी उचलून गेली. आम्ही निघालो तेव्हा ती फडकं घेऊन शिळा पुसताना दिसली. मला वाटलं, पावडरीचे डाग काढतेय. मनात म्हटलं, बरं झालं, माझं काम वाचलं.

दानित्साच्या वडिलांनी तो फोटो दुकानाच्या काचेत माणसाएवढा करून लावला. झालं. दर शनिवारी थडग्यासमोर रांग. गुलाबी झगा उतरला की जांभळा चढायचा. गावात दोन तट पडले. मेलेल्यांचा मान राखा म्हणणारे एका बाजूला, आणि ज्यांच्या घरात पोरी होत्या ते दुसऱ्या बाजूला. मला रेडिओवर बोलावलं. मी जोरात बोलले. म्हटलं, शंभर वर्षं तिथे कबुतरं घाण करत होती तेव्हा कुणाला मान आठवला नाही. आम्ही निदान शिळा धुतो. एकीने फोन करून विचारलं की आत झोपलेल्यांची परवानगी काढलीत का. मी म्हटलं, तक्रार आली तर कळवा. सगळे हसले. मीही हसले.

इतक्या पोरी चढून-उतरून शिळा एका कोपऱ्यात खचली. मग वारसा जपणारी एक समिती जागी झाली. तिच्या प्रमुख आर्किटेक्ट उरिओस्तेबाई, टापटिपीच्या, कडक इस्त्रीच्या. गुरुवारी शिळा उचलायची, आतलं सगळं मोजून नोंदवायचं, नाव नसलेल्या अस्थी निघाल्या तर बेवारस हाडांच्या सामाईक विहिरीत टाकायच्या, असं ठरलं. त्या कामाचे फोटो काढायला मलाच बोलावलं. हे थडगं तुम्हीच तर प्रसिद्ध केलंत, असं बाई म्हणाल्या, आणि मी ते कौतुक समजले.

बुधवारी अकराच्या सुमाराला असुन्ता माझ्या स्टुडिओत आली. मी साल्तेन्या, म्हणजे आमची रश्शाची करंजी, खात होते. रस हातावर ओघळत होता. दुसरी पुढे केली, तिने घेतली नाही. मखमली खुर्चीच्या कडेला टेकली आणि खाली बघत बोलायला लागली.

एकतीस वर्षांपूर्वी तिचं बाळ गेलं होतं. मुलगी. अकरा दिवसांची. गरिबांच्या जमिनीत पाच वर्षांची मुदत मिळते. नंतर वाढवून घेतली नाही तर अस्थी काढून त्या सामाईक विहिरीत टाकतात. तिला वाढवता आली नाही. तेव्हा थडगी खणणारे कासिमिरो म्हणजे भला माणूस. त्यांनी त्या एवढ्याशा अस्थी खाऱ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि मागच्या जाळीतून लास्कानोंच्या थडग्यात सरकवल्या. तिथे कुणी येत नाही, म्हणाले, सुखात राहील. ते आता वारले. डबा आत गेल्यापासून रोज जाता-येता असुन्ता शिळेवर हात ठेवायची. एवढंच. फुलं वाहिली असती तर कुणी विचारलं असतं, कुणासाठी. जाळी मागे कधीतरी विटांनी बुजवली, म्हणून आता हात घालूनही काढता येत नव्हता. आणि बोलावं तर डबा गेला असताच, वर शिडीचं कामही गेलं असतं.

"तुम्ही तिथे असणार उद्या," ती म्हणाली. "तुमचं ते लोक ऐकतात."

मला त्या सगळ्या पोरी आठवल्या. एकेकीला मी स्वतः हात धरून वर चढवली होती. काही जणींना तर उड्या मारायला लावल्या होत्या, झगा उडताना छान येतो म्हणून.

गुरुवारी चार माणसांनी पहारी लावून शिळा सरकवली. आत कुजलेल्या लाकडाचा ढीग, पितळी कड्या, आणि एका कोपऱ्यात तो डबा. गंजलेला, पण झाकणावरचा लाल रंग अजून कळत होता. उरिओस्तेबाईंनी भुवया उंचावल्या. लास्कानो काय बिस्किटं घेऊन गेले वाटतं, असं एक मजूर म्हणाला. बाईंनी झाकण उघडायला सांगितलं.

"तो माझा आहे," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बावीस वर्षं पोरींना खोटं हसायला शिकवलंय. त्या दिवशी स्वतः हसले. म्हटलं, पोरींच्या केसांच्या पिना, टाचण्या, कंगवे. दर शनिवारी घरून कुठे ओझं आणायचं, म्हणून मीच खचलेल्या कोपऱ्याच्या फटीतून आत ठेवला, मग पडला तो निघेना. मजुराने डबा वर दिला. आतून खुळखुळ असा आवाज झाला, अगदी पिनांसारखा. तो आवाज ऐकून सगळ्यांचा विश्वास बसला. मी पुढे होऊन डबा घेतला.

बाई आवाज चढवत नाहीत. "शंभर वर्षांच्या थडग्याचं तुम्ही कपाट केलंत," त्या म्हणाल्या. "लाज कशी वाटली नाही, सेन्योरा?"

मी म्हटलं, वाटते. तेवढं एकच खरं बोलले. त्यांनी तिथल्या तिथे मला दफनभूमीत यायला बंदी केली, कायमची. पहारेकऱ्याने फाटकापर्यंत सोबत केली. दुपारपर्यंत रेडिओवर माझं नाव परत आलं, आणि या वेळी माझ्या बाजूने कुणी फोन केला नाही.

असुन्ता फाटकाबाहेर फुलवाल्यांच्या मागे उभी होती. मी डबा दिला. तिने झाकण उघडलं नाही, हलूही दिला नाही. दोन्ही हातांनी सपाट धरला. वाटलं, काहीतरी बोलेल. आभार नकोच होते मला. शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती फक्त म्हणाली की तिच्या आईचा कोनाडा तिसऱ्या ओळीत आहे, काचेची किल्ली तिच्याचकडे असते, फुलांच्या मागे हा मावेल.

मग पाठीवरचं रंगीत फडकं सोडून तिने जमिनीवर पसरलं, मधोमध डबा ठेवला, वर एक घडी घातली, आणि सगळं उचलून पाठीशी घेतलं. पुढे छातीवर गाठ मारली. बाजारातल्या बायका तान्ह्याला बांधतात, तशी. गाठ मारून एक हात मागे नेला आणि डब्याला खालून थोडा वर सरकवला.

ती आत निघाली. ऊन सरूंच्या मधून तिरपं येत होतं, फडक्याचे लाल पट्टे नुसते पेटले होते. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला. भिंगावरचं झाकणही काढलं होतं मी. मग परत लावलं आणि पहारेकऱ्याच्या नजरेसमोरून घरी गेले.