सरांचं शेवटचं वाक्य

डीन सरांच्या शोकसभेत माझा नंबर निवृत्त न्यायाधीशांच्या मागून लागला, तिथेच घात झाला. न्यायाधीश भलतेच रंगात आले होते. त्यांची नेमणूक झाली तेव्हा सरांनी फोन करून एवढंच सांगितलं होतं म्हणे, "निकाल द्यायचा तर जेवून दे. उपाशी माणूस सगळ्यांनाच दोषी ठरवतो." सभागृह खळखळून हसलं. शोकसभेत हशा मिळवणाऱ्यांचा मला फार राग येतो, कारण मला ते जमत नाही. मी पाठ करून आणलं होतं ते ज्ञानाचा सागर आणि शिस्तीचा पुतळा असलं काहीतरी.

मी सरांचा लाडका विद्यार्थी. हे मी म्हणत नाही, सगळं कॉलेज म्हणतं. मी फक्त नाही म्हणत नाही. सर पुराव्याचा कायदा शिकवायचे आणि त्यांच्यानंतर तो विषय माझ्याकडे आला. वर्गात कोणी काही ठासून सांगितलं की सर डस्टर खाली ठेवायचे आणि विचारायचे, "पाहिलंस, की ऐकलंस?" ऐकलं म्हटलं की, "मग खाली बस." डीन झाल्यावरही ही खोड गेली नाही. संस्थेच्या अध्यक्षांना त्यांनी भर बैठकीत असंच खाली बसवलं होतं. आता वर्गात मीही तेच विचारतो, त्यांच्याच आवाजात.

तर मी माइकसमोर उभा राहिलो. पहिल्या रांगेत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आणि त्यांची मुलगी. मागे माझे विद्यार्थी, न्यायाधीशांच्या विनोदावर अजून हसत असलेले. सागर आणि पुतळा घशातच राहिले आणि तोंडून निघून गेलं, "मागच्या महिन्यात मी सरांच्या घरी गेलो होतो."

गेलो नव्हतो. वर्षभर तिकडे फिरकलोच नव्हतो. आधी परीक्षा होत्या, मग पेपर तपासणी, मग काहीच नव्हतं तरी राहून गेलं. मध्ये एकदा फोन केला तर मुलगी "बाबा झोपलेत" म्हणाली, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

पण गेलो म्हटल्यावर रिकाम्या हाताने परत कसं यायचं? मी बाल्कनी उभी केली. तिथे वेताची खुर्ची मांडली, सरांच्या गुडघ्यांवर शाल टाकली. खोट्या साक्षीदाराला बारीकसारीक तपशील फार सुचतात, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. मग सरांना बोलतं केलं. "निघताना सरांनी माझा हात धरला आणि म्हणाले, 'पोरांना कायदा कसला शिकवतोस, शंका घ्यायला शिकव. कायदा ती आपोआप शिकतील.'" आवाजही त्यांचाच काढला.

टाळ्या पडल्या. न्यायाधीशसुद्धा मान डोलावत होते. सरांची मुलगी तेवढी माझ्याकडे टक लावून बघत होती. गहिवरली असेल, असं मी धरून चाललो.

सभा संपल्यावर बाहेर व्हरांड्यात चहा होता. प्राचार्यांनी मला गाठलं. "ते वाक्य ग्रंथालयाच्या दारावर लावून घेऊ या," ते म्हणाले. मी "छे छे, कशाला" म्हणालो, पण लावून घ्याच, अशा सुरात. तेवढ्यात काकू मुलीचा हात धरून आल्या.

"अरे, तुझ्याशी बोलले ते?"

"हो ना, काकू."

"म्हणजे आवाजाने? तोंडाने?"

मी हसलो. "म्हणजे काय, काकू!"

"मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं त्यांचं. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. म्हणाले म्हणजे पाटीवर लिहिलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारा माणूस, असं कुणाला दिसायला नको होतं त्यांना. डॉक्टर म्हणाले, सराव केला तर एखादा शब्द फुटेल. रोज सकाळी समोर बसवायची मी. म्हटलं, बाकी काही नको, मला नुसती हाक मारा. ओठ हलायचे बिचाऱ्यांचे, आवाज काही यायचा नाही."

मी हातातला कप खिडकीत ठेवला.

"मी बाहेर गेले असेन तेव्हा आला असशील तू, हो ना?" काकू म्हणाल्या. "माझ्यासमोर त्यांना संकोच वाटत असेल. आणि तुझ्यावर जीव होताच."

त्या रागावल्या असत्या तर सोपं होतं. पण मी खोटं बोललो असेन हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. माझ्या खोट्यातली भोकं त्या स्वतःच बुजवत होत्या.

"पण एक हाक, रे," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. "तुझ्याशी एवढं बोलले. मग मला एक हाक मारायला काय झालं होतं?"

मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती. तिला सगळं कळलं होतं आणि तिने ते माझ्यावर सोडलं होतं.

पळवाट मला लगेच सुचली, वकिलाची जात. आवाज नव्हता काकू, ओठांवरून ओळखलं मी, एवढं म्हटलं की सुटलो. पण मग त्या जन्मभर धरून बसल्या असत्या की नवऱ्याचं शेवटचं बोलणं परक्याच्या वाट्याला गेलं. शेजारी प्राचार्य उभे होते.

"काकू, मी आलोच नव्हतो. वर्षभरात एकदाही नाही. ते वाक्य मी आत्ता माइकसमोर रचलं."

प्राचार्य आपल्या कपात पाहू लागले. काकूंना उमजायला वेळ लागला.

"म्हणजे ते बोलले नाहीत तुझ्याशी?"

"नाही, काकू."

"एक शब्दही नाही?"

"एकही नाही."

त्या भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. पदराने डोळे पुसले आणि मोठा श्वास सोडला.

"बरं झालं, बाबा," माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून त्या म्हणाल्या, "बरं झालं, खोटं बोललास."

इतक्या मनापासून माझे आभार कुणी मानले नव्हते, आणि मला मान वर करता येत नव्हती.