कोंडूने धुतलेला पोशाख

कोंडूने पोशाख ओढ्याच्या दगडावर आपटला, तेव्हा त्यातून निळं पाणी निघालं. तो जरा थबकला. सिनेमावाल्यांचा रंगच कच्चा, असं मनाशी म्हणून त्याने साबणाची वडी पुन्हा फिरवली. गुडघ्याला फाटलं होतं ते त्याने सकाळीच शेजारच्या लहानीकडून शिवून घेतलं होतं. छातीवर झाडाच्या चिकाचा काळा डाग होता, तो तेवढा जाता जात नव्हता. कोंडूने विटेच्या तुकड्याने घासघासून तोही काढला. उद्या ठाण्याहून बाई येणार होती आणि परक्याच्या हाती मळका कपडा द्यायची त्याच्या घरात रीत नव्हती.

पोशाख त्याच्या पोराचा, भाविकचा होता. सिद्धगडाच्या पायथ्याचं हे गाव भाविकला माकड म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. गडावर सिनेमावाले आले तेव्हा तो त्यांच्या पेट्या वाहायला गेला आणि उड्या मारायलाच राहिला. पडद्यावर आकाशात उडणाऱ्या त्या महावीराला कड्यावरून खाली बघितलं तरी चक्कर यायची. मग त्याचा निळा पोशाख आणि मुखवटा चढवून भाविक कड्यावरून झेप घ्यायचा. हिरो तोवर छत्रीखाली चहा प्यायचा.

काम संपलं तेव्हा कपडेपटाच्या माणसाने भाविकच्या अंगावर फाटलेला पोशाख त्यालाच देऊन टाकला. पठ्ठ्या तो घालूनच घरी आला. चुलीपुढे बसलेल्या त्याच्या आईने, हौसाने, हा कोण निळा बाबा म्हणून जळतं लाकूड उगारलं. मग मुखवट्यातून ओळखीचं हसू आलं आणि तिचा हात खाली आला. त्या वेषातच भाविक तिच्या हातची भाकर जेवला.

सिनेमा लागायच्या आधीच मुरबाडच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. भाविक गेला.

पुढे सिनेमा लागला आणि गाजलाही. कोंडू आणि हौसा कल्याणला जाऊन बघून आली. पडद्यावर आपला पोरगा उडत होता आणि माणसं भलत्याच्याच नावाने शिट्ट्या मारत होती. शेवटी नावं सरसर वर जाऊ लागली. कोंडूला वाचता येत होतं, पण इतक्या वेगाने नाही. भाविकचं नाव येण्याआधी दिवे लागले, की ते त्यात नव्हतंच, हे त्याला आजवर कळलेलं नव्हतं. तिथेच त्याच्या काळजात काटा रुतला होता.

म्हणून ठाण्याच्या त्या बाईचा, श्वेताचा, फोन आला तेव्हा त्याला रडूच फुटलं. असल्या सिनेमांतले खरे पोशाख, ढाली, हाताने काढलेली चित्रं ती जमवायची. तिच्याकडे काचेची कपाटं होती आणि लांबलांबून माणसं ती बघायला येत. ती म्हणाली, पोशाखाखाली पाटी लावीन, 'हा भाविक कोंडू वाघ यांनी घातला होता.' कोंडूने ते वाक्य तिला फोनवर पुन्हा म्हणायला लावलं. पैशाचा विषय तिने काढला तर त्याने ऐकूनही घेतलं नाही.

हौसाचं मात्र मन होत नव्हतं. भाविकचं बाकी सगळं रीतीप्रमाणे देऊन झालं होतं. ही एवढी पोशाखाची पिशवी तिने पेटीच्या तळाशी लपवून ठेवली होती. कधीतरी दुपारी ती पिशवीची गाठ सोडायची, आत तोंड घालायची आणि लगेच गाठ मारायची. कोंडूने ते दोनदा पाहिलं होतं. पोराची आठवण आली की बघत असेल बिचारी, असं त्याला वाटलं होतं. पण पाटीचं ऐकून तीही हो म्हणाली होती.

आज ती बाजाराहून आली, तेव्हा पोशाख अंगणात दोरीवर वाळत होता. तिने डोक्यावरची टोपली उतरवली, जवळ गेली आणि पोशाखाची बाही नाकाशी धरली.

"साबन लावलात?"

"मंग काय मळका देनार व्हतो?"

"त्याच्या घामाचा वास व्हता त्यात," हौसा म्हणाली. "तेवढाच उरला व्हता."

एवढं बोलून ती आत गेली. तिने शिव्या घातल्या असत्या तर कोंडूला बरं वाटलं असतं. पण तिने त्याला जेवायला वाढलं आणि स्वतः न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली.

श्वेता दुसऱ्या दिवशी सकाळी आली. हौसा उंबऱ्यात बसून होती. कोंडूने घडी घातलेला, कडक वाळलेला पोशाख दोन्ही हातांनी पुढे केला. श्वेताने तो उलगडला आणि तिचा चेहरा उतरला. सिनेमातले फोटो तिने सोबत आणले होते. गुडघ्याची फाट, छातीवरचा डाग, रंगाला गेलेले तडे, या खुणांवरूनच हा पोशाख तोच, हे सिद्ध होणार होतं. असले नकली पोशाख बाजारात पैशाला पासरी मिळतात, ती म्हणाली. खुणेशिवाय पाटी लावली तर लोक पोशाखाला खोटं म्हणतील आणि भाविकच्या नावालाही म्हणतील. ते पाप तिला नको होतं.

"मी चांगला करून द्यावा म्हनून धुतला, ताई," कोंडू म्हणाला.

"माहीत आहे, काका." तिचे डोळे भरून आले होते. मग तिने विचारलं, "मुखवटा आहे का? तो धुतला नसेल तर अजून जमेल. आत त्यांचा घाम असेल, केस असतील. बाहेरचे ओरखडे फोटोशी जुळले की बास. मी मुखवट्यालाच पाटी लावीन."

मुखवटा होता. आतला स्पंज पाण्यात सुटेल म्हणून कोंडूने तो पिशवीतून काढून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. कोंडूच्या डोळ्यांपुढे काचेचं कपाट आलं, त्यातली पाटी आली, ती थांबून सावकाश वाचणारी माणसं आली. त्याने उंबऱ्याकडे पाहिलं. हौसाने मान वर केली नव्हती.

"नाय ताई," तो म्हणाला. "त्यो वढ्यात व्हावून गेला."

श्वेता त्याच्या पाया पडली आणि पोशाख त्याच्या हाती परत देऊन निघाली. गाडी वळणाआड जाईपर्यंत कोंडू अंगणात उभा राहिला. मग माळ्यावर चढला आणि कागदाचा पुडा आणून त्याने हौसाच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो नाय धुतला," तो म्हणाला.

हौसाने कागद काढला. मुखवटा उलटा करून तिने त्यात तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळ ते बाहेर काढलं नाही. तिचे खांदे हलत राहिले. मग तिने मुखवटा त्याच्यापुढे धरला.

"तुमी बी घ्या."

कोंडू वाकला. रबराचा वास आला, त्यामागून घामाचा आणि त्याहून मागून खोबरेल तेलाचा. भाविकच्या डोक्याला हौसाच ते चोळायची. कोंडूला अजून एक श्वास हवा होता, पण त्याने तोंड मागे घेतलं.

"बांद गो लवकर," तो म्हणाला. "वास जाईल."