मायन्याचे तीन दिवस
"मायना ही पत्राची कुंडली आहे. ती चुकली की पुढचा सगळा संसार फुकट," असं माझ्या थोरल्या भावानं जाहीर केलं. दादा तेव्हा वहिनींच्या लोकरीचा गुंता सोडवत होता आणि गुंता वाढत होता.

प्रकरण साधं होतं. वहिनींच्या स्वेटर विणायच्या यंत्राचं एक दातेरी चाक तुटलं होतं. यंत्र जुनं, दुकानदारांनी हात वर केलेले. महिनाअखेर शाळेचे चाळीस स्वेटर द्यायचे. नाही दिले तर बावीस वर्षांचं काम दुसरीकडे जाणार. कंपनीचा ईमेल तेवढा सापडला होता. तिथे कोण बसतं, थोर की पोर, देव जाणे.

दादा कचेरीतला निवृत्त हेडक्लार्क, तेव्हा लिहिणार तोच. पहिल्या दिवशी त्यानं 'माननीय महोदय' लिहिलं.

"बाई असली तर?" वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी 'महोदय अथवा महोदया' झालं. मग 'विभागप्रमुख'.

"विभागात एकच माणूस असला तर?" मी विचारलं.

"तर तोच प्रमुख," दादा म्हणाला, पण खोडलं.

मी 'प्रिय' सुचवलं.

"ओळख ना देख, आणि प्रिय? तुझ्या गोष्टींच्या वाचकांना लिही."

तिसऱ्या दिवशी वहिनी रिकाम्या यंत्रावरचं कापड सारखं करत म्हणाल्या, "अहो, दारात अनोळखी माणूस आला तर आधी हुद्दा विचारता का? 'या' म्हणता ना? मग लिहा, नमस्कार, हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांना."

"हा काय मायना झाला?"

"नसू दे. मला चाक हवंय."

दादानं निमूट लिहिलं. यंत्राचा नंबर, चाकाचा फोटो, शाळेची तारीख, सगळं घातलं, दोनदा मोठ्यानं वाचलं आणि पाठवलं. पुढचे दोन दिवस तो दर अर्ध्या तासानं, सहज म्हणून, ईमेल उघडत होता.

उत्तर आलं. 'नमस्कार. पत्र माझ्या हाती पडलं. मी गोदामात असतो. इथली पत्रं साहेबांच्या नावानं येतात, म्हणून हे दोनदा वाचलं. तसलं एकच चाक उरलं होतं. काढून ठेवलंय, उद्याच पाठवतो.'

वहिनी खुर्चीत टेकल्या.

"मायन्यात ताकद असते," दादा म्हणाला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

उत्तर अजून संपलं नव्हतं. छत्तीस वर्षं पत्रं दादानं लिहिली, पण सही कायम साहेबांची. त्यामुळे मजकुराखाली चार ओळी कोऱ्या सोडून उठायचं, हा त्याच्या हाताचा रिवाज. याही पत्राखाली चार ओळी सुबक कोऱ्या होत्या.

'फक्त पुडक्यावर नाव-पत्ता कोणाचा घालू, तेवढं कळवा.'