राखणदाराची एंट्री

राजेशचं काही चुकलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच त्या पोरावर घसराल. गेटवर कोणीही येवो, पहिला प्रश्न 'कोणाकडे जायचंय?' आणि उत्तर मिळेपर्यंत दांडा वर करायचा नाही, हे त्याला मीच शिकवलं. त्यानं शिकवल्याप्रमाणे केलं.

आमच्या पार्से गावच्या डोंगरावर जिथे काजूची बाग होती तिथे आता चौदा व्हिला आहेत. मध्ये पोहायचा तलाव, भोवती भिंत, पुढे गेट. त्या गेटची हेड गार्ड मी, विनिता परब. हाताखाली तिघं. खानापूरकडचा भैरू माझ्याइतकाच जुना. पूनम कॅबिनच्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, बसून मोबाइलवरचं ॲप सांभाळते. आणि हा राजेश, कोल्हापूरहून नुकताच आलेला, सदा इस्त्रीत.

त्या दिवशी माझे चुलत सासरे, विठूकाका, खांद्यावर कोयता टाकून गेटवर आले. मी मागच्या बाजूला फेरीवर होते. राजेशनं विचारलं, "कोणाकडे जायचंय?"

काका म्हणाले, "राखणदाराकडे."

राजेश ताठ उभा राहिला. "राखणदार मीच. बोला, काय काम आहे?"

मी पोचले तेव्हा पूनम तोंडावर ओढणी घेऊन हसत होती आणि काका राजेशकडे खालून वर बघत होते. निळा शर्ट, शिट्टी, काळे बूट. "तू?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "गो विनिता, ह्यो काय सांगता?"

आता कोल्हापूरला राखणदार म्हणजे वॉचमन, त्याला पोर काय करणार! आमच्याकडे राखणदार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा देव. त्याला देऊळ नसतं, घुमटी नसते. झाडाखाली एक पाषाण, झालं. तो म्हणे गावाभोवती फिरतो, हातात काठी, पायात वहाणा. भात कापून झालं की गाव त्याला राखण देतो. तांदळाचा जाड रोट, केळी, नारळ, विडी. गावातला जाणता गाऱ्हाणं घालतो. आमचा राखणदार आता नऊ नंबरच्या व्हिलामागे येतो, सातविणीच्या झाडाखाली. बागेचे मालक गोकुळदास शेट यांनी जमीन विकली तेव्हा चार माणसांदेखत बिल्डरला सांगितलं होतं, झाडाकडची ही वाट बंद करायची नाही. बिल्डर हो म्हणाला आणि घरं विकून निघून गेला. तरी इतकी वर्षं कुणी अडवलं नव्हतं. यंदा नवी कमिटी आली आणि कमिटीबरोबर ॲप आलं. आत राहणाऱ्या मेंबरनं फोनवर अप्रूव्ह केल्याशिवाय आता कुणालाच सोडायचं नाही.

काका झाडाखालचं गवत काढायला आले होते, कारण रविवारी राखण होती. मी त्यांना नवा नियम सांगितला.

काका कठड्यावर टेकले. "आमी भांडूक नाय येणार गो," ते म्हणाले. "पण एक वरस मोडला काय मोडला. मगे आमची पोरां विचारूची पण नायत, थंय झाडाखाली कोण होतो तो."

माझं डोकंच सणकलं. कुणावर ते कळेना. ॲपवर की बिल्डरवर, की अंगातल्या ह्या युनिफॉर्मवर. म्हटलं, "काका, राखण होतली. रविवारीच होतली. तुमी रोट भाजूची तयारी करा."

बोलून तर बसले. आता करायचं काय?

आधी सरळ वाटेनं गेले. मॅनेजर अक्षयसर पुण्याचे, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विनिताताई, गेट म्हणजे गेट. हे तुम्हीच म्हणता ना?" माझंच मुसळ माझ्या डोक्यात. "एखाद्या मेंबरनं अप्रूव्ह केलं तर माझी काही हरकत नाही," तेवढं मात्र ते म्हणाले.

म्हणून नऊ नंबरला गेले. तिथे सेजल मॅडम राहतात, कमिटीच्या सेक्रेटरी. बाई वाईट नाही. मला बसायला कदेल पुढे केली, पाणी दिलं. सगळं ऐकलं. "मला पटतंय," म्हणाल्या. "पण मी अप्रूव्ह केलं की ते माझे पाहुणे झाले. वीस-पंचवीस माणसं! उद्या एखादा तलावात पडला तर पोलीस कुणाच्या दारात येतील?" मी म्हटलं, "मॅडम, मी असते ना." त्या म्हणाल्या, "तुम्ही मेंबर नाही, विनिता." खरंच होतं ते. पण लागलं.

बाकीची अर्धी घरं बंद, उरलेल्यांनी कमिटीकडे बोट दाखवलं. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे तीन नंबरवाले साहेब, त्यांना दिल्लीला फोन लावला तर म्हणाले, लिहून पाठवा, पुढच्या मीटिंगला घेऊ. पुढची मीटिंग होळीनंतर! मी फोन ठेवला तो जरा जोरातच ठेवला.

संध्याकाळी भैरू जवळ आला. "ताई, मागची भिंत पावसात खचलीय की. तिकडनं सोडू या. अर्ध्या तासाचं काम. मी तिथं उभा राहतो. कोण बघतंय?"

त्याच्यावर मी अशी वसकले की बिचारा दोन पावलं मागे गेला. "चोर जातात भिंतीवरून! माझा गाव भिंतीवरून चढणार? माझा म्हातारा सासरा रोटाची पाटी डोक्यावर घेऊन खचलेल्या दगडांवरून? गेटातून जाणार भैरू. दिवसाढवळ्या. आणि एकेकाची एंट्री होणार."

"एंट्री होत नाही ना ताई," जनेलातून पूनम म्हणाली. "ॲपला कुणाकडे आलेत ते भरावंच लागतं. मेंबरचं नाव निवडल्याबिगर ते पुढं सरकतच नाही."

"कुणाकडे आलेत ते माहीत आहे की."

"पण तो मेंबर कुठंय?"

मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. "मग त्याला मेंबर कर," म्हटलं.

तसा पासवर्ड माझ्याकडे होता. भाडेकरू बदलले की नवीन नावं घालायचा अक्षयसरांना कंटाळा, म्हणून त्यांनी मोसमाच्या सुरुवातीलाच तो मला देऊन टाकला होता. पूनमनं फॉर्म उघडला. आम्ही चौघं कॅबिनमध्ये दाटीवाटीनं उभे.

नाव, राखणदार. आडनाव भरल्याशिवाय चालेना. "देवाला कसलं आडनाव?" भैरू म्हणाला. मी म्हटलं, "गावचा आहे, पार्सेकर घाल." फोन नंबर माझा. घराच्या रकान्यात 'इतर' असं होतं, ते घेतलं. वाहन? राजेश गंभीरपणे म्हणाला, "चालत येतात असं लिहा." काकांशी झालेल्या घोटाळ्यापासून पोर देवाशी अदबीनं वागत होतं. फोटोसाठी तोच धावत जाऊन पाषाणाचा फोटो काढून आला. ॲप म्हणालं, चेहरा दिसत नाही. पूनमनं घाईघाईत मोबाइललाच नमस्कार केला आणि 'फोटो नंतर' दाबलं.

शेवटी आलं, मालक की भाडेकरू?

भैरू हळूच म्हणाला, "ताई, भाडेकरू घातलं तर त्याला राग येईल."

"आणि मालक घातलं तर ह्यांना," पूनम म्हणाली.

"ह्यांचं मी बघते," म्हटलं, आणि मालकावर बोट मीच दाबलं. घरात दोन पोरं शिकतात, ही नोकरी काही हौसेची नाही.

रविवारी ऊन उतरताना गाव आला. काका पुढे, धुवट पंचा, डोक्यावर पाटी. मागे बापये, पोरं, चार बायका. मी कॅप नीट केली आणि दांड्याशी उभी राहिले. राजेश वही हातात घेतल्यासारखा मोबाइल घेऊन एकेकाला विचारत होता, "कोणाकडे जायचंय?"

"राखणदाराकडे."

माझ्या खिशात टिंग. मी अप्रूव्ह. दांडा वर. पुन्हा खाली. पुढचा. शेजारचा गुरुदास सुतार म्हणाला, "गो, एकदम सोड मा सगळ्यांक!" मी म्हटलं, "रांगेत राव गप." एकाची जरी एंट्री चुकली असती तर उद्या कमिटीनं तेवढंच धरलं असतं. सगळे आत गेले. भैरू तलावाच्या काठावर हात पसरून उभा, एक पोर म्हणून पाण्याकडे सरकलं नाही.

मी गेट सोडलं नाही. झाडाखालून काकांचा आवाज येत होता, बा म्हाराजा, आणि त्यावर सगळ्यांचं एकदम, "होय म्हाराजा!" दर वर्षी मी तिथे उभी असते. यंदा लांबून ऐकलं आणि मला रडू आलं. पूनमला म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. ती म्हणाली, "हां, माझ्या पण."

सोमवारी क्लबहाउसमध्ये बोलावणं आलं. अक्षयसर, सेजल मॅडम आणि भिंतीवरच्या पडद्यावर दिल्लीहून तीन नंबरवाले साहेब. मला बसा कुणी म्हटलं नाही, मीही बसले नाही.

"खोटी एंट्री," साहेब म्हणाले. "आणि वर मालक! कुठल्या हिशेबानं मालक?"

"साहेब, तुमच्या आधीपासून आहे तो."

"विनिताताई, हे प्रकरण नोकरीवर येऊ शकतं," अक्षयसर म्हणाले. आवाज कडक काढला होता, पण बघत होते टेबलाकडे. "ते नाव आत्ता इथं सगळ्यांसमोर काढून टाका. मग आपण विसरून जाऊ."

"मी घातलं, मी काढणार नाही. नाव गेलं की पुढच्या वर्षी गावाला पुन्हा 'कोणाकडे' म्हणून विचारणार, आणि उत्तर नसणार. मला काढायचं तर काढा. पण ते बटण मी दाबणार नाही. तुम्ही दाबा, तुमच्याकडेही पासवर्ड आहे."

"ठीक आहे," अक्षयसर म्हणाले. मोबाइल काढला. नाव शोधलं. मोबाइल सगळ्यांपुढे धरला, राखणदार पार्सेकर, मालक. खाली प्रश्न, कायमचं काढून टाकायचं? होय. नाही.

त्यांचं बोट वर राहिलं. खाली येईना. त्यांनी एकदा खिडकीबाहेर सातविणीकडे बघितलं. मग मोबाइल अलगद सेजल मॅडमपुढे सरकवला. "मॅडम, सेक्रेटरी तुम्ही आहात. तुम्हीच करा."

"मी कशी करू?" मॅडम चटकन मागे सरल्या. "माझी बेडरूम तिकडे आहे!"

"काय चाललंय काय?" पडद्यावरून साहेब ओरडले. "एक बटण दाबायचं तर..."

"सर, लॉगिन तुमच्याकडेही आहे," अक्षयसर म्हणाले. "तुम्ही तिकडून केलं तरी होईल."

साहेबांच्या मागे कुठेतरी त्यांची बायको म्हणत असलेली ऐकू आली, "तुम्ही हात लावू नका हं. आपण डिसेंबरमध्ये तिथे राहायला जाणार आहोत." साहेब खाकरले, त्यांना दुसरी मीटिंग होती म्हणे, आणि पडदा रिकामा झाला.

मी हसले नाही. शपथ घेऊन सांगते, गालाचं आतलं मांस चावून धरलं होतं.

सेजल मॅडमनी मोबाइलवर बोट ठेवलं आणि 'नाही' दाबलं. "राहू देत ते," म्हणाल्या. "मालक आहेत तर मालक. पण दर वर्षी आम्हाला आधी दिवस कळवायचा, विनिता."

"कळवते मॅडम."

बाहेर आले आणि पहिल्यांदा काकांना फोन लावला. "काका, फुडल्या वर्साक पण गेटातसूनच. नाव ऱ्हवला त्याचा."

पलीकडून काकांनी विचारलं, "आनी तुझी नोकरी?"

"अगो बाय! ती विचारूक मी इसारलंय," म्हटलं, आणि कॅप घालून गेटवर गेले.