निळ्या कोटाचा खिसा

हॉलंडमधल्या ग्रोनिंगनमध्ये सोमवार धुण्याचा; त्या दिवशी एखाद्या बाईची दोरी रिकामी दिसली, तर ती बाई मेली तरी असणार नाहीतर वाया तरी गेली असणार. फ्रौकेनेही त्या सोमवारी रीतसर धुणं वाळत घातलं. बाहेरच्या दोऱ्यांवर चादरी आणि मधल्या दोरीवर जगाला दिसू नये ते. बाकीच्या बाया तिथे आपल्या चड्ड्या लपवत. फ्रौकेने रोझेटचा निळा कोट लपवला.

रोझेट शेजारच्या बेत्येची सात वर्षांची पोर. ज्यू म्हणून बेत्येला आणि तिच्या नवऱ्याला जर्मनांच्या हुकमावरून पोलिसांनी नेलं, तेव्हा पोर फ्रौकेच्या स्वयंपाकघरात खेळत होती. तेव्हापासून ती माळ्यावर. ज्यूंना सक्तीने लावावी लागणारी कोटावरची पिवळी चांदणी फ्रौकेने त्याच दिवशी उसवून चुलीत घातली होती. पण कोट उन्हाने विटलेला आणि चांदणीखालचं कापड तेवढं गर्द निळं. चांदणी गेली, तिची जागा काही जाईना. तो कोट बाहेर काढायचाच नव्हता. पण सकाळी पोर त्यावर बिटाचं सूप ओकली आणि डाग बघून फ्रौकेचे हात स्वस्थ बसेनात.

दुसरी टोपली घेऊन ती बाहेर आली, तर वाऱ्याने चादर दोरीवर गुंडाळलेली आणि कोट गायब. कुंपणापलीकडे दुसऱ्या बाजूची शेजारीण हेंड्रिका काहीतरी निळं छातीशी धरून घरात शिरत होती.

 कोट नेमका हेंड्रिकाच्याच हाती का लागावा? तिचा जावई पोलिसात, रोज दुपारी सासूकडे कॉफीला यायचा. शिवाय बेत्येला नेल्यावर तिच्या दाराला सील लागायच्या आत हिने तिचं शिलाई मशीन बाबागाडीत घालून पळवलं होतं. ते मशीन शिवताना मधलेच टाके सोडायचं. बेत्ये त्याला घालायची त्या शिव्या भिंतीपलीकडे ऐकू यायच्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी बाई, असं म्हणून फ्रौकेने तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

ती धावत माळ्यावर गेली. "बूट घाल," ती रोझेटला म्हणाली, "आणि गप्प बसून राहा." पण भरदिवसा पोरीला नेणार कुठे? ती खाली आली, बटाटा सोलायला घेतला. खिडकीतून बघते तो जावयाची सायकल हेंड्रिकाच्या भिंतीला टेकलेली. साली काढता काढता बटाटाच संपला. ती उठली, बसली, पुन्हा उठली. कधीतरी सायकल गेली. आता चौघांना घेऊन येईल मेला.

मागच्या दारावर थाप पडली. हेंड्रिका एकटीच होती.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस? वाऱ्यावर कपडे सोडून आत झोपा काढत होतीस?" तिने एप्रनखालून कोट काढला. चांदणीच्या जागी त्याच कापडाचा खिसा बसवलेला. खालच्या दुमडीतून तुकडा काढला होता.

"जावई..." फ्रौकेने तिच्या भिंतीकडे बोट केलं.

"शिवत होते तेवढ्यात टपकला. म्हटलं, नातीचा आहे. पोरीच्या कपड्यांतलं त्या ठोंब्याला काय कळतंय!"

"हेंड्रिका, ती वर..."

"मला काही सांगू नकोस!" हेंड्रिका एकदम ओरडली. "मला काही ठाऊक नाही. आणि दोरीला चिमटे लावत जा, वेंधळी कुठली."

ती गेल्यावर फ्रौके तिथेच बसून हुंदके देऊन रडली. जिला इतके महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या, तिनेच पोरीला वाचवलं होतं. डोळे पुसून ती कोट घेऊन वर गेली.

रोझेट बूट घालून बसली होती. तिने कोट चढवला, खिशात हात घातला, मग शिवणीवरून बोट फिरवलं. मध्येच एक टाका सुटला होता. थोडं पुढे अजून एक. तिचं बोट तिथे थांबलं आणि चेहरा फुलला.

"आईच्या मशीनने शिवलाय हा," ती कुजबुजली. "आई आली ना गं मावशी? म्हणून बूट घालायला लावलेस?"